काकाजींची दुसरी बॅटरी

बॅटरी मरायला टेकली की तिला नेमकं काय वाटतं, हे सांगू शकणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. हिंगणा रोडला टिनाच्या शेडात त्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण त्याचा आवाज दोन सिग्नल अलीकडून ऐकू यायचा. सगळा हिंगणा त्यांना काकाजी म्हणायचा. खरं नाव मी बारा वर्षांत ऐकलं नाही. आधार कार्डावरही 'काकाजी'च असावं असा माझा अंदाज आहे.

त्यांच्या कानाबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं लोक खोटं मानतात. निम्मं खोटं आहेच; पण कोणतं निम्मं, ते मी सांगत नाही. एकदा कंपनीची बस शेडासमोरून गेली. काकाजी स्टुलावर बसून पोहे खात होते. चमचा तोंडाशी थांबला. म्हणाले, "उद्या ही बस उठत नाही." दुसऱ्या दिवशी चाळीस कामगार ती बस ढकलत होते आणि ड्रायव्हर शेडापुढे उभा राहून ओरडत होता, "काकाजी, तुमीच नजर लावली माह्या गाडीले!"

"नजर नाही बे, कान लावला," काकाजी म्हणाले आणि उरलेले पोहे संपवले.

जे आवाज करत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मीटर त्यांच्याकडे होता, पण तो टेबलाच्या खणात नाहीतर पिशवीच्या तळाशी, गिऱ्हाइकाचं समाधान करायला. अपवाद एकच, काकू. त्या दिवसाकाठी चार शब्द बोलत आणि काकाजी त्या चारही शब्दांना घाबरत.

त्यांच्या दोन रीती होत्या. त्या पाळल्याशिवाय त्यांनी कुणाच्या गाडीला वायरीचा तुकडा लावला नाही. पहिली, एक प्रश्न. गाडी कोणती, मॉडेल कोणतं, असलं काही नाही. "तुही गाडी चालते कुठे ते मले सांगू नोको. थांबते कुठे ते सांग." त्यांचं म्हणणं, चालत्या गाडीचं पोट डायनामो भरतो, तिथे बॅटरीची कसोटी नाही. बॅटरीचा कस लागतो तो गाडी उभी असताना, चहाच्या टपरीवर, फाटकावर, मालकाच्या दारात. त्या सगळ्या जागा ते वहीत लिहून घेत. मी तर ऐकलंय, एका ट्रकवाल्यानं जागा सांगितल्या तेव्हा त्याच्या सासुरवाडीपेक्षा भलत्याच गावात जास्त वेळ गाडी थांबते, हे त्याच्या बायकोसमोरच निघालं. काकाजी वही मिटून म्हणाले, "बॅटरी चांगली हाय तुही. तूच खराब हाय."

दुसरी रीत, पहिली फेरी. काम झालं की पहिल्या फेरीला ते जेवणाचा डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः गाडीत बसत. "लग्न लावून दिलं म्हंजे झालं का? पाठराखीण जा लागते ना पोरीसंग."

माझ्या गाडीसोबत ते पाठराखीण होऊन आले, ती फेरी मला अजून घाम फोडते.

माझा धंदा मासोळीच्या बीजाचा. म्हणजे मासे मी धरत नाही, मी फक्त वाहतो. बीज केंद्रावरून बोटाएवढी पिल्लं घ्यायची, त्यांना आमच्याकडे बोटुकल्या म्हणतात, आणि पिकअपवरच्या पाण्याच्या टाकीतून जिवंत तलावावर पोचवायची. टाकीत हवा सोडणारे दोन पंप अखंड चालावे लागतात. पंप थांबला की बोटुकल्यांचा श्वास थांबतो. वीस मिनिटं, उन्हाळी हवा असेल तर त्याहून कमी. मी सांगतो ते निम्मं खोटं असतं म्हणालो ना, हे त्यातलं नाही.

आदल्या साली माझ्या जुन्या गाडीला बॅटरी एकच होती. तिच्यावरच पंप, तिच्यावरच सेल्फ. सावनेरच्या पलीकडल्या तलावावर मच्छीमार बायकांची सोसायटी आहे, त्यांचं बीज घेऊन निघालो होतो. रेल्वे फाटक पडलं, मी डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं. फाटक उघडलं तेव्हा पंपांनी बॅटरी पिऊन टाकली होती. गाडी उठली नाही. धक्का द्यायला माणसं जमेपर्यंत टाकीतलं पाणी पांढरं झालं होतं, पोटं वर करून तरंगणाऱ्या बोटुकल्यांनी. बावीस घरांच्या बायकांनी ते वर्ष रिकाम्या तलावावर काढलं.

यंदा सोसायटीच्या अध्यक्षीण बाई माझ्या दारात आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो, जरी त्या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असतील. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, हंगामाचं शेवटचं बीज हाय. याच्यानंतर केंद्रावर काहीच भेटत नाही. बाया म्हणते दुसरी गाडी पाय. मी म्हटलं, त्याच भाऊले देऊ. ज्याचे मेले त्यालेच भेव राहते."

मी नवी पिकअप घेतली होती, चार महिन्यांची. तिला दुसरी बॅटरी बसवायचं ठरवलं आणि मोबाइलवर त्याविषयी इतकं पाहिलं की डोळ्यांना चार्जिंग लावायची वेळ आली. तीन रस्ते होते. एक, हातानं फिरवायचं स्विच. विसरलात की मेलात. दुसरा रिले, दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसणारा फाटकवाला. इंजिन चालू झालं, वीज चढली की तो दोघींना जोडतो. इंजिन बंद झालं, वीज उतरली की त्यांना वेगळं करतो, म्हणजे पंपांनी दुसरी बॅटरी प्यायली तरी सेल्फची शाबूत. तिसरा रस्ता, एक बंद डबा. डायनामोकडून कमी येवो की जास्त, तो त्याला मापात आणून दुसरी बॅटरी भरत राहतो. मला डबा हवा होता.

"हा डबा करते काय?" काकाजींनी फोटो पाहून विचारलं.

मी सांगितलं.

"करून राहिला हे समजते कसं? आवाज करते का?"

"नाही काकाजी. बारीक हिरवी लाईट लागते."

"लाईट तं हापिसातबी लागते. मंग काय काम होते का तेथं?"

मी म्हटलं, नव्या गाड्या वेगळ्या असतात म्हणून सांगतात. ते म्हणाले, तीस वर्षांत आठ हजार गाड्यांना रिले लावला, एक परत आली नाही. (मागल्या वेळी मी ऐकलं तेव्हा सहा हजार होत्या.) आणि मग तो प्रश्न. मी सगळ्या थांबायच्या जागा सांगितल्या, फाटकही. फाटकावर काय झालं होतं तेही सांगितलं. काकाजींनी वही बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच हळू बोलले, "त्या फाटकावर मी तुही गाडी बंद करून दाखवतो. पाय तू."

रिले त्यांनी कॅबिनमध्ये, मधल्या सीटखाली कडेला बसवला. बाहेर लावला तर टक् आवाज ऐकू येणार नाही म्हणून. वायर एक बोटही जास्त सोडली नाही. लोंबणारी वायर आणि सुटलेलं धोतर त्यांना सारखंच असह्य होतं.

केंद्र बुटीबोरीकडे. सहाला निघायचं ते तिथल्या गोंधळात नऊ वाजले. ऑगस्ट होता, पण आठवडाभर पावसानं तोंड दाखवलं नव्हतं आणि ऊन असं की डांबराला घाम येत होता. टाकीत आठ हजार बोटुकल्या. कॅबिनमध्ये मी, मध्ये काकाजी, खिडकीशी मावशी, मांडीवर स्टीलचा मग घेऊन.

फाटक पडलेलंच होतं. काकाजी म्हणाले, "बंद कर."

"काकाजी, चालू राहू द्या ना..."

"बंद कर म्हणतो ना गा."

मी किल्ली फिरवली. टक्. रिले सुटला. मागे पंप चालूच, बुडबुड्यांचा आवाज येत होता. मावशी समोर बघत होत्या, मगाच्या कानावर त्यांचं बोट पांढरं पडलं होतं. एक मालगाडी गेली. तिला इतके डबे होते की पहिला डबा इटारसीला पोचला असेल तेव्हा शेवटचा आमच्यासमोर आला. फाटक उघडलं. मी डोळे मिटून किल्ली मारली. एका झटक्यात उठली गाडी! मागोमाग टक्.

"जोडलं," काकाजी म्हणाले. मावशींनी मगाचा कान सोडला. मी इतका हसलो की मागच्या ट्रकवाल्याला वाटलं मला झटका आला.

पुढे मोकळा रस्ता. मी साठावर. थोड्या वेळानं सीटखालून पुन्हा टक्.

"ऐकलं?" काकाजी खूश. "भरून राहिली दुसरी."

मला काही शंका यायला हवी होती. जोडलेलं होतंच, मग पुन्हा कशाला जोडेल? पण काकाजींच्या कानावर शंका घेणं म्हणजे हिंगण्यात राहून हिंगण्याशी वैर. तासभर आम्ही गात गेलो. म्हणजे काकाजी गात होते, मी ऐकत होतो, मावशी सहन करत होत्या.

सावनेर ओलांडून आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा मावशी एकदम म्हणाल्या, "भाऊ, थांब. गाडी बंद नोको करू, फक्त थांब." त्या उतरल्या, मागे चढल्या, टाकीचं झाकण उघडलं. आणि ओरडल्या, "माय वं! काकाजी, माशे वर येऊन राहिले!"

मी धावलो. बुडबुडे म्हाताऱ्याच्या श्वासासारखे येत होते, एक, मग थांबून एक. पाण्याच्या पृष्ठभागावर हजारो तोंडं उघडझाप करत होती. पाणी दिसत नव्हतं, नुसती तोंडं.

"असं होऊच शकत नाही," काकाजी म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून मीटर काढला. तो त्यांनी माझ्यासमोर बारा वर्षांत पहिल्यांदा काढला. दुसरी बॅटरी, साडेदहा व्होल्ट. पुढची बॅटरी, इंजिन चालू असताना, बारा आणि वर थोडं. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. इंजिन चालू असलं की चौदा हवेत.

"पोट भरलं की डायनामो आपलाच हात आखडून घेते," ते पुटपुटले. "डिझेल वाचवाले. हुशार हाय तुही गाडी. अन् रिलेले वाटते इंजिन बंद पडलं." मग माझ्याकडे न बघता, "ते टक् जोडल्याचं नव्हतं बे. सोडल्याचं होतं. तासभर सोडून बसला होता रिले, अन् मी गाणे म्हणून राहिलो होतो."

जोडल्याची टक् आणि सोडल्याची टक् सारखीच असते. तीस वर्षं त्यांना त्या दोघींत फरक करायची वेळच आली नव्हती. जुनी गाडी चालते तोवर जोडलेलीच राहते. म्हणून तर ते फक्त थांबण्याचं विचारायचे.

"किती दूर तलाव?" त्यांनी विचारलं.

"सतरा किलोमीटर."

"चल."

दोन्ही वायरी एका बोल्टवर आणाव्यात म्हटलं तर पोचेनात. एक बोटही जास्त सोडलेली नव्हती ना. जोडायला जाड तार हवी होती, ती हिंगण्याला खिळ्यावर टांगलेली. काकाजी सीटसमोर खाली बसले, डोक्याचा दुपट्टा काढून हाताला गुंडाळला, पिशवीतला पाना घेतला आणि रिलेच्या दोन बोल्टांवर आडवा दाबून धरला. ठिणगी उडाली. मागे पंप खाकरला आणि जोरात सुरू झाला.

"हेडलाइट लाव. फुल. हीटर लाव, पंखा फुल. जेवढं खाईल तेवढं खाऊ दे, म्हंजे डायनामो हात सोडते. अन् हा पाना सीटच्या लोखंडाले लागला तं येथंच दिवाळी. म्हणून हळू ने."

"हळू नाही, जोरात!" मावशी मागून ओरडल्या. त्या टाकीवरच बसल्या होत्या. "मी पाणी हालवते. आमचे बुढे हंडीत हात मारत पायी बीज आणत, मी सतरा किलोमीटर नाही हालवणार का? टपावर हा मग वाजवत राहीन. वाजते तोवर जित्ते हाय समज!"

ऑगस्टच्या भर उन्हात हेडलाइट आणि हीटर लावून मी निघालो. समोरून येणारा प्रत्येक जण हातानं लाईट, लाईट म्हणून खुणावत होता. एका मोटरसायकलवाल्यानं वळून मागे येऊन सांगितलं, "भाऊ, लाईट चालू हाय तुमची!" मी त्याला जे म्हणालो ते इथे लिहिता येत नाही. हीटरची वाफ पायांवर, घाम डोळ्यांत, आणि गुडघ्याशी सत्तरीचा म्हातारा दोन्ही हातांनी पाना दाबून. चाळीसच्या वर गेलं की पाना नाचे, तिसाच्या खाली आलं की मागचा पंप मंदावे. मी पस्तीसवर गाडी अशी धरली की स्पीडोमीटरचा काटा गंजला असेल.

टण्. टण्. टण्.

जळाल्याचा वास आला. दुपट्ट्याला काळा डाग पडत होता.

"काकाजी, थोडं सोडा, हात बदला..."

"रस्ता पाय."

मग तो मुरमाचा तुकडा आला. खड्डा मी चुकवला, दुसरा चुकवला, तिसरा नाही. पाना सुटला, सीटच्या पायाला घासला, निळा लोळ उठला. काकाजींचा हात मागे गेला आणि कॅबिनमध्ये धूर. मी ब्रेक दाबला.

टपावर काही वाजेना.

"थांबू नोको!" काकाजी ओरडले. पाना त्यांना सापडत नव्हता. मग सापडला. दुपट्टा उलगडून पडला होता, तो गुंडाळायला त्यांनी वेळ घेतला नाही. उघड्या हातानं पाना दाबला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. निघाला असता तर सावनेरला ऐकू गेला असता, म्हणजे त्यांनी तो गिळला.

मी मोजत होतो. सात, आठ, नऊ.

टण्.

तलावावर सगळ्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. मावशींनी त्यांना टाकी लगेच उपडी करू दिली नाही. टाकीतलं पाणी तापलेलं, तलावातलं थंड. एकदम सोडलं तर वाचलेलेही मरतात. बादलीनं तलावाचं पाणी थोडं थोडं टाकीत, थांबून पुन्हा थोडं. पंप चालूच हवेत, म्हणजे इंजिन चालू, आणि पाना धरलेला. अर्धा तास. एक बाई काकाजींना पाणी द्यायला आली, त्यांनी तोंड उघडलं, तिनं वरून ओतलं.

मग टाकीच्या तोंडावरची जाळी उघडली. पहिल्या बोटुकल्या आडव्या पडल्या. एक उलटी झाली, मग सरळ झाली, मग शेपटी हलली आणि ती पाण्यात दिसेनाशी झाली. तिच्यामागे दुसरी. आणि मग आठ हजारांची ती काळी रेघ अशी सुटली की काठावरच्या गवताला वारा लागल्यासारखं झालं.

मावशींनी मेलेल्या वेचल्या. काकाजी काठावर बसले होते, तळहात वर करून. तळहातावर पान्याची खूण होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शंभर-सव्वाशे."

"नक्की सांग."

मावशींनी मोजलं. "एकशे चौदा. काकाजी, इतके तं आमच्या हातानं दरवर्षी मरते. कायले मनाले लावून घेता?"

"तुह्या हातानं मरते ते तुह्ये, वं बाई. हे माह्ये."

हिंगण्याला उतरताना काकाजी म्हणाले, "तो डबा मागव."

डबा आला. त्यांनी तो तीन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहिलं, जसं घरात आलेल्या नव्या, न बोलणाऱ्या सुनेकडे पाहावं. मग बसवला. मग टाकीत नुसतं पाणी भरून मला नागपूरभोवती तीन दिवस फिरवलं, कधी उन्हात, कधी चढावर, कधी उगाच. मीटर आता त्यांच्या मांडीवर असायचा. मी म्हटलं, "काकाजी, मासेच नाहीत टाकीत." ते म्हणाले, "म्हणूनच फिरून राहिलो ना."

पुढच्या हंगामाचं पहिलं बीज घेऊन आम्ही तिघं पुन्हा निघालो. सावनेर ओलांडलं. कॅबिनमध्ये काही आवाज नाही, डबा मुका. हिरवी लाईट लागलेली. काकाजी मीटरकडेही बघत नव्हते, गातही नव्हते. त्याच आतल्या रस्त्याच्या तोंडाशी मावशींना राहवलं नाही.

"काकाजी, चालून राहिलं ना बरोबर?"

"मले नोको इचारू," ते म्हणाले. "माशायले इचार."

मी गाडी थांबवली. मावशी मागे चढल्या. काकाजी आरशात बघत राहिले, मीही. मावशींनी झाकण उघडलं, बाही वर केली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. आणि हसू लागल्या, कारण बोटुकल्या त्यांच्या बोटांना गुदगुल्या करत होत्या.